कुंकू लावलेला इमर्जन्सी लाइट

१

सेटवर महागडे कॅमेरे होते, लेन्सेस होत्या, मॉनिटर होते. चोराने त्यातल्या कशालाही हात लावला नाही. नेला तो एक जुना, पिवळट पडलेला प्लॅस्टिकचा इमर्जन्सी लाइट. पुढच्या काचेवर कुंकवाचं बोट ओढलेला.

"आँटीनेच नेला," प्रॉडक्शनवाल्यांनी सकाळीच निकाल लावून टाकला. "कल देखा नहीं? उसी को देख के तो गिर पड़ी."

निकाल लावायला अक्कल लागत नाही. काकूंना काल मीच उचलून गाडीत घातलं होतं, मीच त्यांच्या घरी सोडलं होतं. त्यांच्या हातात एक रुमाल होता, बस्स.

मी देवयानी. आधी वर्तमानपत्रात गुन्ह्यांच्या बातम्या करायचे. एका बातमीवरून संपादकाला तोंडावर खोटारडा म्हटलं आणि घरी बसले. आता सिनेमावाले बोलावतात. जिवंत माणसावर सिनेमा काढायचा, तर उद्या कोणी कोर्टात जाऊ नये म्हणून आधी खरं-खोटं तपासून ठेवावं लागतं. खोटं बोलायला बंदी नाही. कुठे कुठे खोटं बोलतोय, तेवढं माहीत हवं.

हा सिनेमा निखिलवर होता. नाव 'पहली पुकार'. निखिल म्हणजे 'हाक' या ॲपचा तरुण मालक. फोनवर एक बटण दाबा, जवळची ॲम्ब्युलन्स दारात. सिनेमाची गोष्ट अशी: दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोन मित्र, निखिल आणि सुधन्वा, मोठी स्वप्नं बघतात. एका संध्याकाळी सुधन्वा घरात एकटा असताना त्याला कूलरचा शॉक बसतो. आई मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हसत बसलेली. तो तडफडतो, हाक मारतो, ऐकायला कोणी नाही. मित्राच्या चितेसमोर निखिल शपथ घेतो आणि त्यातून 'हाक' जन्माला येतं.

पडलेल्या बाई म्हणजे त्याच सुधन्वाची आई, चंद्रप्रभाकाकू. त्यांची संमतीची सही व्हायची होती. ती झाली की एक आई आपल्या पोराच्या मरणाला जबाबदार होती हे देशभर पडद्यावर दिसणार होतं. आणि त्या सही करायला तयार होत्या!

"खोटं काय आहे त्यात?" मला म्हणाल्या होत्या. "नव्हते ना मी घरी."

२

आदल्या दिवशी काय झालं ते सांगते.

सरोजिनी नगरची ती क्वार्टर्स पाडली. काकूंचं घर होतं तिथे आता खड्डा आणि क्रेन. म्हणून नोएडातल्या स्टुडिओत ते घर पुन्हा उभं केलं होतं. फोटो फारसे नव्हते. आर्ट डायरेक्टर मयुराची एक पद्धत होती. जमिनीवर खडूने घराच्या रेघा मारायच्या आणि ज्याने ते घर पाहिलंय त्याला डोळे मिटून त्यात चालवायचं. दार उघडलं, पहिलं काय दिसतं? डावीकडे? पाय कशाला लागतो? तीन माणसांना तिने असं चालवलं होतं: काकूंना, निखिलला आणि इंद्रजितला. इंद्रजित कंपनीतला तिसरा भागीदार, पुण्याचा. तिघांच्या आठवणी मिसळून तिने सेट लावला.

काल तिघांनाही तो दाखवायला आणलं. बाहेरची खोली. टीव्ही, दिवाण, कोपऱ्यात देवघर. देवघरासमोर पाट, पाटावर घरातले यच्चयावत दिवे मांडलेले. समया, निरांजनं, लामणदिवा, सगळ्यांना हळदकुंकू. आणि त्यांच्या मधोमध तो इमर्जन्सी लाइट, भक्क पेटलेला.

इंद्रजित हसला. "काय गं मयुरा, आज दिव्याची अवस आहे की काय?"

मला कळलं नाही. माझं बालपण दिल्लीतल्या आर. के. पुरममध्ये गेलं, आमच्याकडे दिवाळीला मेणबत्त्या लावायचे. मयुरालाही कळलं नाही. निखिल फोनवर बोलत होता, बोलता बोलता थांबला.

आणि मागून काकूंचा आवाज आला. अगदी बारीक.

"हा कुणी लावला? पेटलेला कसा?"

एवढं म्हणाल्या आणि कोसळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट गायब.

३

गेटवरचा शिपाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी आणि डिकी उघडून बघतो. माझा डबासुद्धा उघडतो. लाइट चांगला हातभर लांब, खिशात मावणारा नाही.

"सब की तलाशी ली, मॅडम," तो शपथेवर म्हणाला.

"सगळ्यांची?"

"बिल्कुल. साहब लोग को छोड़ के."

साहेब लोक म्हणजे निखिल आणि इंद्रजित. मोठ्या माणसांच्या डिकीत काय असतं ते या देशात कोणी बघत नाही.

मयुराला गाठलं. ती नजर चुकवत होती.

"तो लाइट मांडायला कुणी सांगितलं?"

"आठवत नाही यार. तिघं बोलतात, मी मिक्स करते. माझी पद्धतच ती."

"काकूंनी सांगितलं?"

"नाही. काकू फक्त टीव्हीबद्दल बोलल्या, आणि सुधन्वाच्या चपला कुठे असायच्या ते. मग रडायलाच लागल्या." जरा थांबून म्हणाली, "देवयानी, मला पुढचाही सिनेमा मिळायला हवाय गं."

म्हणजे आठवत होतं. उरले दोघं.

इंद्रजित कँटीनमध्ये राजमा-चावल खात होता. कंपनीतून त्याला कधीच बाजूला सारलेलं, नावाला भागीदार.

"मी? शेकडो वेळा गेलोय त्या घरी. काकूंच्या हातचं थालीपीठ खायला. सुधन्वा आतल्या खोलीत कोड लिहायचा आणि मी दिवाणावर लोळायचो."

"आणि निखिल?"

तो खो खो हसला. "निखिल आणि सरोजिनी नगर? अगं तो नोएडाच्या फ्लॅटमधून खाली उतरत नव्हता. ऑफिस त्याच्या हॉलमध्येच होतं. क्वार्टर, गरिबी, कूलर हे सगळं आत्ता सिनेमासाठी उसनं आणलंय."

"सुधन्वा गेला त्या दिवशी तू कुठे होतास?"

हसू गेलं. "पुण्यात. आईचं ऑपरेशन होतं. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही."

निखिल त्याच्या व्हॅनमध्ये भेटला. एसी एवढा की दात वाजावेत. उंच, देखणा, आवाज मधाळ.

"देवयानीजी, तुमच्यापासून काय लपवायचं? तुमचं कामच खरं ऐकायचं आहे. मी त्या क्वार्टरमध्ये कधीच गेलो नाही. एकदाही नाही. पण ऑडियन्सला टू-बीएचकेमधून सुरू झालेली कंपनी नको असते यार. क्वार्टर हवं, पंखा हवा, आईच्या हातची पोळी हवी. सिनेमॅटिक लिबर्टी."

"मग मयुराला खडूच्या रेघांवर काय सांगितलंत?"

"काहीतरी ठोकून दिलं. मराठी घर कसं असतं, जनरल. आमच्या घरात कुठे देवघर होतं!"

"आणि सुधन्वा गेला तेव्हा?"

"फ्लॅटवर होतो. दुसऱ्या दिवशी इन्व्हेस्टर्सना डेमो होता." त्याने डोळे पुसल्यासारखं केलं. "काकूंना सांभाळा. त्यांनी लाइट नेला असेल तर नेऊ दे. गरीब आहेत बिचाऱ्या."

गरीब! केंद्र सरकारच्या नोकरीत उभा जन्म घालवलेली बाई, स्वतःच्या पेन्शनवर जगते. पण याला सगळेच गरीब दिसतात.

४

काकू नोएडातच भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. पडदे ओढलेले. भिंतीवर सुधन्वाचा फोटो, पण हार नाही.

"हार घालवत नाही गं," म्हणाल्या. "चहा टाकू?"

"बसा काकू. मला दिव्याची अवस म्हणजे काय ते सांगा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. मराठी बोलणाऱ्या पोरीला हे विचारावं लागतं.

"आषाढातली अमावास्या. त्या दिवशी घरातले सगळे दिवे घासायचे, पाटावर मांडून त्यांची पूजा करायची. कणकेचे गोड दिवे उकडायचे. वर्षातून तेवढा एकच दिवस. एरवी समया कपाटात असतात, एक निरांजन तेवढं देवापुढे."

"आणि इमर्जन्सी लाइट?"

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"त्याचा चावटपणा. पूजा झाली आणि हा लाइट घेऊन आला. म्हणाला, आई, दिल्लीत खरा दिवा हाच, याला पण कुंकू लाव. मी म्हटलं, गाढवा. पण लावलं. पाटावर ठेवला आणि तिथल्या तिथे चार्जिंगला जोडून दिला. म्हणाला, दिवा कसा तयारीत पाहिजे."

"हे दरवर्षी करायचा?"

"नाही. त्या वर्षीच. त्या दिवशीच." त्यांचा आवाज फाटला. "मग मी कस्तुरबा गांधी मार्गावर गेले, गणपतीच्या कार्यक्रमाची मीटिंग होती मंडळाची. मीटिंग संपली तरी नेहमीसारखी चहा पीत बसले. हसत होते मी, देवयानी. घरी आले तर काळोख. तेवढा तो लाइट पेटलेला. मला वाटलं, लाइट गेलेत. हाक मारली. आत जाऊन बघते तर कूलरपाशी..."

मी त्यांचा हात धरला.

"हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतंत तर. जरा आधी! आठ वर्षं मी ते दोन शब्द घेऊन झोपतेय. म्हणून सही करणार आहे. कळू दे लोकांना."

"काकू, तुम्ही गेलात तेव्हा लाइट पेटलेला होता?"

"छे. वीज होती ना. वीज गेली की तो आपोआप लागतो."

"मग वीज कशी गेली?"

"मेन स्विच बंद होता. पद्माकर भावजींनी बंद केला ना, शॉक म्हणून. शेजारी होते आमचे. माझं ओरडणं ऐकून धावत आले."

मी तिथेच अडले. लाइट तर त्या घरात शिरल्या तेव्हाच पेटलेला होता. पद्माकर आले ओरडण्यानंतर.

५

पद्माकर काका रिटायर होऊन मुलाकडे राहतात, काकूंपासून पाच-सहा सेक्टर पलीकडे. कान गेलेत, पण स्मरणशक्ती शाबूत आहे. सिनेमावाल्यांनी त्यांना विचारलंही नव्हतं.

"मेन स्विच तुम्ही बंद केलात?" मी कानाशी ओरडले.

"मी? नाही बुवा. मी वर केला! सुधन्वाला टॅक्सीत घातलं, वहिनी बरोबर गेल्या. मी कुलूप लावायला परत आलो. कूलरचा प्लग काढला आणि मेन वर केला. खटका खालीच होता. वहिनींनी आधी खाली केलेला."

"त्यांनी नाही केला, काका. त्यांना वाटतं तुम्ही केलात."

म्हाताऱ्याने चष्मा काढून हातात घेतला.

आठ वर्षं. दोन भली माणसं. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने केलं. आणि त्या संध्याकाळबद्दल दोघंही एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत, कारण आपल्याकडे दुःखाचा विषय काढायचा नसतो. पोलिसांनी विचारलं, मेन किसने बंद किया? काकू म्हणाल्या, पड़ोसी ने. कूलरचा करंट, अपघात, फाइल बंद.

शॉक लागलेला माणूस कूलरपाशी पडून असतो. तो उठून मेन बंद करत नाही.

"मग कुणी केला हो?" पद्माकर काका पुटपुटले. मग काहीतरी आठवून म्हणाले, "आणि नवख्या माणसाला सापडलाच कसा? स्वयंपाकघराच्या बोळात होता तो. वर दुछत्ती, सामान ठेवायची. एवढी खाली की उंच माणसाला वाकावंच लागायचं. नाही वाकलं की कपाळ फुटलं. सुधन्वाचं कितीदा फुटलं!"

"सुधन्वाचा लॅपटॉप, काका? तो होता घरात?"

"लॅपटॉप? त्याच्या चार्जरची वायर लोंबत होती टेबलावरून. मला वाटलं, ऑफिसात असेल."

६

रात्री मेसेज आला: लाइटचा सीन लांबीसाठी कापलाय, चौकशी थांबवा, बिल पाठवून द्या. निखिलच्या ऑफिसातून.

मला कोणी थांब म्हटलं की माझे पाय जास्त चालतात.

विचार सरळ होता. तो दिवा पेटलेला पाहिला असे तिघंच: काकू, पद्माकर आणि ज्याने मेन बंद केला तो. काकूंनी मयुराला सांगितलं नाही. पद्माकर मयुराला भेटलेच नाहीत. म्हणजे मयुराला सांगणारा तोच, मेन बंद करणारा. निखिल किंवा इंद्रजित.

इंद्रजित पुण्यात वाढलेला. पाट बघितल्याबरोबर त्याच्या तोंडून अवस निघाली. त्याने तिथे शंभर साधे दिवस बघितले होते. एका दिवसाची पूजा तो रोजचं घर म्हणून सांगेलच कशाला? सांगणार तो, ज्याला मराठी घरात असं रोजच असतं असं वाटतं. आणि ज्याने ते घर आयुष्यात एकदाच पाहिलं. मयुराने डोळे मिटायला लावले, विचारलं, पहिलं काय दिसतं? त्याच्याजवळ त्या घराची दुसरी आठवणच नव्हती.

पण हे माझ्या डोक्यात होतं. डोक्यातल्या गोष्टी घेऊन ठाण्यात गेलं तर चहासुद्धा मिळत नाही.

सकाळी मी दिग्दर्शक विक्रांतला पकडलं. "एक सीन सुचवू? लाइट जातात, सगळे घाबरतात, हिरो अंधारात उठतो आणि मेन चालू करतो. हिरो प्रकाश आणतो."

विक्रांतचे डोळे चमकले. असल्या माणसांना रूपक दाखवलं की ती वितळतात. "क्या बात है! निखिलसरांनाच करून दाखवायला सांगू."

"सेटवर मेन स्विच नाही, मयुराला कोणी सांगितलाच नव्हता," मी म्हणाले. "खडूच्या रेघांवर करा. आणि काकूंना मी घेऊन येते. सहीही होऊन जाईल."

७

तालमीच्या हॉलमध्ये नुसत्या पांढऱ्या रेघा. भिंत नाही, छत नाही. एका बाजूला खुर्चीवर काकू. त्यांना मी इतकंच सांगितलं होतं: सही करायच्या आधी जरा बघा. निखिलची भूमिका करणारा हिरो हात बांधून उभा. विक्रांत प्रत्येक तालीम मोबाइलवर चित्रित करतो, आजही करत होता.

मला पाहून निखिलच्या कपाळावर आठी आली. पण कौतुक करून घेण्याची हौस वाईट. दहा माणसं बघत होती आणि एक देखणा नट त्याची चाल शिकायला थांबला होता.

"सर, आँखें बंद," विक्रांत म्हणाला. "कूलर बंद झालाय. पूर्ण अंधार. उठा."

निखिल उठला. डोळे मिटले. दोन पावलं हळू टाकली. मग पाय आपोआप वळले, स्वयंपाकघराच्या रेघांमधून आत. आणि त्या मोकळ्या हॉलमध्ये, जिथे डोक्यावर तीस फूट रिकामी हवा होती, तिथे तो उंच माणूस खाली वाकला. वाकूनच त्याने डावा हात वर नेला आणि हवेतला खटका धरला.

विक्रांतचा मोबाइल त्याच्यावरच रोखलेला होता.

नटाला बिचाऱ्याला काय माहीत! त्याने भाबडेपणाने विचारलं, "सर, आप झुके क्यों?"

निखिलने डोळे उघडले. आपला वर गेलेला हात त्याने पाहिला. मग मला पाहिलं.

"काल व्हॅनमध्ये म्हणालात, त्या घरी कधीच गेलो नाही," मी म्हणाले. "मग दुछत्तीला डोकं लागेल हे तुमच्या मानेला कसं कळलं?"

"सुधन्वा... सुधन्वाने सांगितलं होतं."

"पाटावरचा लाइट पेटलेला होता, हेही सुधन्वाने सांगितलं? तो पेटला तेव्हा सुधन्वा कूलरपाशी पडला होता. मयुरा, बोल आता. कुणी सांगितलं होतं?"

मयुराने मान वर केली. "निखिलसरांनी. म्हणाले, बाहेरच्या खोलीत पांढरा लाइट पेटलेला असतो, त्यावर लाल बोट."

"यह सब बकवास है," निखिल हिंदीवर घसरला. "विक्रांत, फोन बंद कर."

विक्रांतने फोन बंद केला नाही. का, ते त्यालाच माहीत. बहुधा सवयीने.

"इन्व्हेस्टरचा डेमो दुसऱ्या दिवशी होता," मी म्हणाले. "कोड सुधन्वाच्या लॅपटॉपमध्ये होता. 'हाक' तो मेल्यावर नाही बनलं. ते आधीच तयार होतं, त्याने केलेलं. तुम्ही ते आणायला गेलात. तो पडलेला दिसला. मेन बंद केलात, तेवढं शहाणपण होतं. मग लॅपटॉप उचललात आणि दार ओढून घेतलंत. परवा इंद्रजित अवस म्हणाला तेव्हा कळलं की रोजचं घर म्हणून एकाच दिवसाचं घर सांगून बसलो. म्हणून लाइट डिकीत गेला. वकील बोलावता, की मी डिकी उघडायला सांगू?"

तो काहीतरी उर्मट बोलणार होता. ओठ तसे झालेही होते. पण तेवढ्यात काकू खुर्चीतून उठल्या. खडूच्या रेघांमधून, दारातून, बाहेरच्या खोलीतून, एकही रेघ न तुडवता त्या त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, मारतील.

"निखिल," त्या म्हणाल्या. पोराला हाक मारावी तशा. "काही बोलला का रे तो?"

दुसरं काहीही विचारलं असतं तरी त्याच्याकडे उत्तर तयार होतं. आठ वर्षं एकट्याने जपलेली गोष्ट, आणि विचारणारी सुधन्वाची आई. त्याचा चेहरा असा झाला की मला क्षणभर तो पंचविशीतला घाबरट पोरगा दिसला.

"पाणी," तो म्हणाला. "पाणी मागत होता."

काकूंनी मान हलवली. जणू हे अपेक्षितच होतं.

"दिलंस?"

तो खाली जमिनीवरच्या रेघांकडे बघत राहिला.

तक्रार मी लिहून दिली, विक्रांतच्या मोबाइलमधल्या चित्रीकरणासकट. ठाण्यातला माणूस म्हणाला, "पुराना मामला है, मॅडम, देखते हैं." निखिलचे वकील मोठे आहेत. भावनेच्या भरात माणूस काहीही बोलतो, असं म्हणतील. मित्र मेल्याचा धक्का, म्हणतील. मरणाऱ्याला टाकून निघून जाण्याला कायद्यात शब्द फार छोटे आहेत. सिनेमा थांबलाय, की नाव बदलून येईल, देव जाणे. काकूंनी सही केली नाही एवढं खरं.

परत येताना त्यांनी गाडी सरोजिनी नगरला घ्यायला लावली. पत्र्याचं कुंपण, आत क्रेन, धूळ. मार्केटकडून कपडेवाल्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. कुंपणाच्या कडेला आम्ही उभ्या राहिलो.

"मी उशीर केला नव्हता गं," काकू म्हणाल्या. रडत नव्हत्या. "मी नेहमीच्याच वेळेला आले होते."

"हो काकू."

त्यांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली. मला वाटलं, तहान लागली असेल. त्यांनी झाकण काढलं, खाली वाकल्या आणि कुंपणाखालच्या मातीत ती हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत, रिकामी केली.